घरातला कानसेन: ऐकू न येणाऱ्या माणसासाठी कुत्र्याचं पिल्लू कसं घडवावं

मुलुंडच्या आमच्या घराची बेल मी एकदा सलग पस्तीस मिनिटं वाजवली आहे. आई आत होती. दुपारची आडवी झाली होती आणि कानातलं मशीन काढून उशाशी ठेवलं होतं. लॅच लागलेलं, माझी किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. शेवटी शेजारच्या काकांनी पॅसेजच्या खिडकीतून कपडे वाळत घालायची काठी आत सरकवून तिच्या पायाला टोचलं, तेव्हा ती दचकून उठली. दार उघडल्यावर आधी मलाच ओरडा बसला.

आज बेल वाजली की तिळू नावाची आमची गावठी कुत्री आईच्या गुडघ्याला नाक लावते आणि तिला दारापर्यंत नेते. एवढ्या एका कामासाठी दोन पिल्लं आणि जवळजवळ तीन वर्षं लागली. त्यात ज्या चुका झाल्या त्या तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. हॉस्पिटलात किंवा शाळेत जाऊन सगळ्यांकडून लाड करून घेणारा कुत्रा म्हणजे थेरपी डॉग. जवळ असला की मालकाला बरं वाटतं, तो सोबतीचा कुत्रा. सेवा-श्वान म्हणजे एका ठरावीक माणसाच्या दिव्यांगत्वामुळे अडणारं ठरावीक काम शिकलेलं कुत्रं. अंध व्यक्तीला रस्त्याने नेणं, व्हीलचेअरवरच्या माणसाला पडलेली वस्तू उचलून देणं, ऐकू न येणाऱ्याला आवाज दाखवणं, ही अशी कामं. अंधांसाठी कुत्रे तयार करण्याची पहिली शाळा पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मनीत दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी निघाली. आवाज दाखवणाऱ्या कुत्र्यांचं काम त्या मानाने नवं आहे. ब्रिटनमधली त्यांची संस्था १९८२ची.

अंध व्यक्तीला मुंबईच्या फुटपाथवरून नेणारा कुत्रा घरच्या घरी तयार करायच्या भानगडीत पडू नका. त्यात चूक झाली तर जिवावर बेतते, ते काम संस्थेचंच. आवाज दाखवणारं कुत्रं मात्र बरचसं घराच्या चार भिंतींत काम करतं, म्हणून चिकाटी असलेल्या कुटुंबाला ते जमू शकतं.

१. आधी काम ठरवा, मग कुत्रं

आठवडाभर एक वही ठेवा. ऐकू न आल्यामुळे घरात नेमकं काय अडतं ते त्यात लिहा. आमच्या वहीत आठवड्यात सतरा नोंदी झाल्या आणि त्यातल्या अकरा रात्रीच्या किंवा दुपारच्या झोपेच्या वेळच्या होत्या. दिवसा मशीन लावलं की आईचं बऱ्यापैकी भागतं. झोपताना आणि आंघोळीला जाताना मशीन निघतं आणि घर एकदम मुकं होतं. म्हणजे कुत्र्याची गरज कधी, ते तिथेच कळलं.

वहीतून तीनच आवाज निवडा. आमचे होते: दाराची बेल, स्वयंपाकघरातला टायमर, आणि घरातल्या कोणीतरी “आईला बोलाव” म्हणणं. पाचसहा आवाजांची हौस नको. तीन पक्के झाले की चौथा आपोआप सोपा जातो.

ज्याच्यासाठी कुत्रं आणायचं त्याला ते हवं आहे ना, हेही विचारा. हसू नका. मुलांनी ठरवायचं आणि आईबाबांनी केस झाडत बसायचं, असं बऱ्याच घरांत होतं. आमच्या आईने अट घातली होती: “माझ्या देवघरात शिरायचं नाही.” ती अट पहिल्या दिवसापासून पाळली, म्हणून पुढचं जमलं.

२. पिल्लू निवडताना

अंधांना नेणाऱ्या कुत्र्याला उंची आणि ताकद लागते, म्हणून तिथे लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर जास्त. आवाजाच्या कामाला आकाराची अट नाही. चौकस, माणसात रमणारं आणि पटकन सावरणारं पिल्लू पाहिजे. मुंबईच्या दमट उकाड्यात हस्की वगैरे आणू नका. बाराही महिने एसीत ठेवावं लागणारं जनावर कामाला काय उभं राहणार? गावठी पिल्लू या हवेला जन्मतःच सरावलेलं असतं. लॅब घेणार असाल तर आईवडिलांच्या कमरेच्या सांध्यांचे एक्स-रे मागा. त्या जातीत खुब्याचा दोष आनुवंशिक असतो.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकणं २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार बेकायदा आहे. “पाच आठवड्यांचं घेऊन जा, लवकर लळा लागेल” असं सांगणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. आई आणि भावंडांत राहूनच पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकतं.

पाहायला जाल तेव्हा स्टीलचं एक ताट घेऊन जा. पिल्लू खेळत असताना चार-पाच हातांवर ते जमिनीवर पडू द्या. पिल्लू दचकेल, ते ठीकच. नंतर काय करतं ते बघा. कोपऱ्यात जाऊन बसलं आणि दोन मिनिटांनीही बाहेर आलं नाही, तर या कामासाठी ते नको. ढिम्म हललंच नाही, तर त्याचे कान तपासून घ्या. तिळू दचकली, थांबली, आणि मान वाकडी करून ताट हुंगायला आली. ती मान वाकडी झाली तिथेच माझं ठरलं. मग कागदाचा बोळा टाकून बघा, मागे जातं का, आणून देतं का. मांडीवर उताणं धरून बघा, धडपड करून शांत होतं का. दोन वेगळ्या दिवशी जा. झोपेतून उठवलेलं पिल्लू कुठलीही परीक्षा नापासच होतं.

३. डॉक्टर आणि कागदपत्रं

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी नियमित. मुंबईत लेप्टोची लस टाळू नका. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि लेप्टो कुत्र्यालाही होतो, माणसालाही. पावसाळ्यात गोचीड-तापाने बरीच कुत्री आजारी पडतात, म्हणून गोचिडांचं औषध वर्षभर चालू ठेवा.

जवळ चांगला डॉक्टर नसेल तर परळचं बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहेच. टॅक्सीवाल्याला “बैलघोडा हॉस्पिटल” सांगा, पटकन कळतं. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८८६ सालचं, तेही तिथेच. सकाळी लवकर जा, रांग असते.

एका फायलीत हे सगळं ठेवा:

– लसीकरणाचं पुस्तक, जंताच्या औषधाच्या तारखांसह
– महापालिकेचा श्वान परवाना. पालिकेच्या पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज होतो. रेबीज लसीचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. मुदत संपायच्या आत नूतनीकरण करा
– मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) पंधरा अंकी क्रमांक
– नसबंदीचा दाखला (झाल्यावर)
– माणसाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र)
– प्रशिक्षणाची डायरी: तारीख, आवाज, दहापैकी किती वेळा बरोबर

शेवटून दुसऱ्या ओळीबद्दल थोडं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दोन्ही कानांत ७० डेसिबल तूट असेल तर कर्णबधिर आणि ६० ते ७० असेल तर ऐकू कमी येणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. त्यासाठी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, लागतो. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत कानाच्या तपासण्या होतात. “आम्ही म्हातारे झालो म्हणून कमी ऐकू येतं, त्याचं कसलं कार्ड” असं आईचं म्हणणं होतं. वय कितीही असो, तूट व्याख्येत बसत असेल तर कार्ड काढा.

इथला सापळा: ऑनलाइन विकत मिळणारं “सर्व्हिस डॉग” लिहिलेलं जॅकेट आणि सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट. दोन्हींना कायद्यात काडीची किंमत नाही. जॅकेट लोकांनी हात लावू नये म्हणून उपयोगी पडतं, तेवढंच. सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका.

सोसायटीशी आधीच बोला. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. तरी ते परिपत्रक हातात नाचवत सेक्रेटरीकडे जाऊ नका. आम्ही पिल्लू आणायच्या आधीच लसीकरणाचं वेळापत्रक आणि आईच्या कार्डाची प्रत जोडून साधं पत्र दिलं, आणि शी उचलायच्या पिशव्यांचा गठ्ठा वॉचमनच्या टेबलाखाली ठेवला. परिपत्रकापेक्षा त्या पिशव्यांनी जास्त काम केलं.

४. घरातला पहिला महिना

या महिन्यात काहीही “शिकवायचं” नाही. शी-शू, झोप, आणि स्वतःचं नाव, बस्स.

उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि मधे दर दोन तासांनी ठरलेल्या जागी न्या. बाहेर नेता येत नाही तोवर बाल्कनीत वर्तमानपत्र. घरात कुठे झालं तर ओरडू नका, गुपचूप पुसा. नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणं, यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं.

पिल्लू दिवसाचे सोळा-अठरा तास झोपतं. पाहुणे आले म्हणून उठवू नका. आम्ही पिंजरा आणला तेव्हा आई म्हणाली, “पोपट आहे का तो?” पण त्यावर जुनी साडी टाकली, दार उघडं ठेवलं, जेवण आत दिलं, तेव्हा तीच त्याची खोली झाली. पुढे गाडीत, डॉक्टरकडे, घरात रंगकाम चालू असताना हा पिंजरा फार कामी येतो.

आज्ञांचे शब्द याच महिन्यात ठरवून फ्रिजवर चिकटवा. आम्ही हौसेने “बस” ठेवला होता. मग लक्षात आलं की “बस, पुरे झालं”, “बस गेली का?”, “जरा बस ना” असं म्हणताना दिवसभर पिल्लू उठबशा काढतंय. शेवटी “सिट” झालं. “थांब” आणि “सोड” मात्र मराठीतच राहिले. प्रत्येक शब्दाला हाताची खूण जोडा, आणि खूण आधी शिकवा. ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही त्याचा स्वर वर-खाली होतो, हात तसा होत नाही.

खाण्यात कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका वर्ज्य. मनुका विषारी आहे हे घरातल्या मोठ्यांना पटवणं अवघड जातं. गणपतीत शिऱ्याच्या प्रसादावर पहारा ठेवा.

५. कडेवरून मुंबई

पिल्लाला जग ओळखायची खिडकी तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत उघडी असते. या काळात जे सहज भेटलं ते पुढे आयुष्यभर साधं वाटतं. अडचण अशी की लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडायचं नाही, पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या संसर्गाचा, धोका असतो. तोडगा सोपा आहे: कडेवर घ्या, किंवा खांद्याला अडकवायच्या झोळीत. पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, कान-नाक-डोळे मोकळे.

तिळूला घेऊन मी रोज वीस मिनिटं बाहेर पडायचे. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांची रांग. पुलाच्या टोकाला, फास्ट लोकल जाते तिथून बरंच लांब, मग हळूहळू जवळ. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट. बेस्टच्या बसचा दरवाजा उघडताना येणारा फुस्स आवाज. छत्री उघडणारा माणूस, हेल्मेट घातलेला माणूस, बुरखा घातलेल्या बाई, काठीवाले आजोबा. प्रत्येक नव्या गोष्टीला चिकनचा एक बारीक तुकडा. खायला नकार दिला म्हणजे ते घाबरलंय, मागे फिरा.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. पहिलं पिल्लू, ब्रुनो, लॅब. तो साडेतीन महिन्यांचा असताना दिवाळी आली आणि “सवय होईल” म्हणून मी त्याला लक्ष्मीपूजनाच्या रात्री गॅलरीत घेऊन बसले. सवय झाली नाही. पुढे बेल वाजली तरी तो पलंगाखाली. आवाजाचं काम करणाऱ्या कुत्र्याला आवाजाचीच भीती बसली, आणि ती मी घातली.

फटाके, ढोल-ताशा, ढगांचा गडगडाट हे आधी फोनवर, पंख्याच्या आवाजापेक्षाही हळू, जेवताना लावा. आठवड्याला थोडा आवाज वाढवा. खऱ्या दिवाळीत खिडक्या बंद, टीव्ही चालू, चघळायला काहीतरी. कुठेही न्यायचं नाही.

सरकत्या जिन्यावर कुत्र्याला कधीच चालवू नका, पंजा अडकतो. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर फिरायला जाणं रद्द.

६. काहीच न करण्याचा धडा

लोकांना वाटतं कामाचं कुत्रं म्हणजे भरपूर गोष्टी करणारं. माझ्या अनुभवात पहिलं वर्ष जवळजवळ सगळं काही *न* करण्यात जातं. समोरून मांजर गेलं, वडापावचा तुकडा पडला, मुलं “डॉगी डॉगी” ओरडली, तरी काही नाही. हे जमलं नाही तर बेलचं काम शिकवून उपयोग नाही, कारण बेल वाजायच्या वेळी कुत्रं खिडकीत कावळ्यावर भुंकत असेल.

एक चटई घ्या. आम्ही पूजेची जुनी घेतली. पिल्लू स्वतःहून चटईवर आलं की तुकडा चटईवर ठेवा, हातातून देऊ नका. बसलं की आणखी एक. आडवं झालं की दोन. सुरुवातीला पाच सेकंद, महिन्याने पाच मिनिटं, सहाव्या महिन्यापर्यंत तुमचं अख्खं जेवण होईपर्यंत. चटई गुंडाळून कुठेही नेता येते: मावशीच्या घरी, दवाखान्यात, बागेत. चटई पसरली की ड्युटी “गप्प”.

त्याच जोडीला “सोड”. मुठीत तुकडा धरा. पिल्लू चाटेल, ओरबाडेल, कंटाळेल. नाक मागे घेतलं त्या क्षणी दुसऱ्या हातातून वेगळा तुकडा द्या. मग हाच खेळ जमिनीवर, मग चालताना. मुंबईच्या रस्त्यावर हाडं, कोंबडीची पिसं, उंदराचं विष काय वाट्टेल ते पडलेलं असतं. तिथे जीव वाचतो तो या धड्याने.

ट्रेनरकडे दोन महिने ठेवून “तयार” कुत्रं मिळेल या आशेवर राहू नका. आम्ही ब्रुनोसाठी एक ट्रेनर लावला होता. तो गळ्याला साखळीचा फास लावून झटके द्यायचा. कुत्रा शिस्तीत चालायला लागला खरा, पण हात वर केला की डोळे मिटायचा. ट्रेनर घ्यायचा तर तो *तुम्हाला* शिकवणारा घ्या, आणि पहिल्या दिवशी त्याच्या पिशवीत काय आहे ते बघा. खाऊ असेल तर ठीक.

७. आवाजाचं काम

हे पाच-सहा महिन्यांच्या पुढे, चटई आणि “सोड” पक्कं झाल्यावर. सामान थोडंच: कमरेला बांधायचा खाऊचा बटवा, मऊ खाऊ (उकडलेलं चिकन किंवा पनीर, तुरीच्या दाण्याएवढं), किचन टायमर, आणि वायरलेस बेल. वायरलेस बेलचं बटण खिशात ठेवता येतं, म्हणून दुसऱ्या माणसाला सतत दाराबाहेर उभं राहावं लागत नाही. ज्या दुकानात घ्याल तिथे सगळे सूर वाजवून बघा आणि मजल्यावर कोणाकडेच नसलेला निवडा.

*आधी स्पर्श.* आई खुर्चीवर बसलेली. तिने गुडघ्यावर तळहात ठेवायचा. कुत्रं हुंगायला येतं, नाक लागतं, आई “शाब्बास” म्हणते आणि तुकडा देते. मग हात काढून घ्यायचा, नाक थेट गुडघ्याला. ओझरता स्पर्श चालणार नाही, ठोसा हवा. झोपलेल्या माणसाला ओझरतं काही कळत नाही. पंजा मारायला शिकवलं तरी चालतं, पण म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, ओरखडे उठतात.

तुकडा *आईनेच* द्यायचा. ब्रुनोच्या वेळी धडे मी घेत होते, खाऊ मी देत होते. परिणाम असा की बेल वाजली की तो धावत माझ्याकडे यायचा. मला तर बेल ऐकूच येते!

*मग आवाज.* मी शेजारच्या खोलीत, खिशात बटण. बेल वाजली. कुत्रं आवाजाकडे बघतं. त्याच क्षणी आई तळहात दाखवते, कुत्रं येऊन ठोसा देतं, खाऊ. आईला बेल ऐकू येत नाही, म्हणून सुरुवातीला मी दारातून हात हलवायचे. दिवसाला तीन वेळा, प्रत्येक वेळी पाच बेला, बस्स. दहाव्या-बाराव्या दिवशी एकदा माझा हात हलवायचा राहिला आणि तिळू आपली आपण जाऊन आईच्या गुडघ्यावर आपटली. त्या दिवशी तिला अख्खं अंडं मिळालं.

*मग “काय गं?”* नुसतं टोचून पुरत नाही, आवाज कुठला ते दाखवायला हवं. ठोसा मिळाला की आई दोन्ही हात पसरून विचारते, “काय गं?” आणि उठते. सुरुवातीला मी दारापाशी उभी राहून तुकडा दाखवायचे, तिळू आईला मागे घेऊन दारापर्यंत यायची. तिथे पोचल्यावर दुसरा तुकडा, तोही आईकडून. आवाज, ठोसा, प्रश्न, वाट, खाऊ. हा क्रम मोडायचा नाही. घाईत ठोसा न देता थेट दाराकडे पळणारी कुत्री पुष्कळ असतात. अशा वेळी दार उघडायचं नाही, आईने जागचं हलायचं नाही. कुत्रं परत येतं.

*मग अडथळे.* आई पाठमोरी, आई दुसऱ्या खोलीत, आई खोटीखोटी झोपलेली, आई खरीच झोपलेली, टीव्ही चालू, पाहुणे बसलेले. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला. दहापैकी आठ वेळा जमलं तर पुढे, पाच वेळाच जमलं तर मागच्या पायरीवर. डायरी यासाठीच ठेवायची.

आता कुकर. पहिल्या यादीत आम्ही टायमर नव्हे, शिट्टीच लिहिली होती. तिळू शिट्टी पंधरा दिवसांत शिकली. पण आमच्या मजल्यावर पाच घरं आहेत आणि सकाळी साडेनऊला पाचही कुकर चालू असतात. ती बिचारी आईला सारखी उठवून ओट्याशी नेत होती, आणि ओट्यावर काहीच नव्हतं. शिवाय कुत्र्याला तीन शिट्ट्या मोजता येत नाहीत, पहिल्याच शिट्टीला हजर. आठवड्याभराने आई म्हणाली, “हिला सांग, मला आमटी चुलीवर केलेली परवडेल.” म्हणून शिट्टी सोडली आणि वेगळ्या आवाजाचा टायमर घेतला. आई कुकर लावते, टायमर पिळते, आणि आपल्या खोलीत जाते. तुमच्या घरातला जो आवाज शेजारच्या घरातही होतो, तो शिकवू नका. बेलचं आणि फोनच्या रिंगटोनचंही हेच.

टॉवरमध्ये राहत असाल तर आगीच्या भोंग्याचा वेगळा धडा लागतो. तिथे कुत्र्याने माणसाला आवाजाकडे न्यायचं नसतं. ठोसा देऊन तिथेच जमिनीवर आडवं व्हायचं, म्हणजे माणसाला धोका कळतो.

८. सहा ते चौदा महिने

वयात येताना सगळं विसरतात. तिळू आठव्या महिन्यात “थांब” म्हणजे काय हेच विसरली होती. रागावू नका, नवं काही शिकवू नका, जुनंच सोपं करून घ्या. नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा, कारण मोठ्या जातींत हाडांची वाढ होऊ देतात. पहिल्या पावसाळ्यात बाहेरून आल्यावर पंजे धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तुंबलेल्या पाण्यातून नेऊच नका.

९. बाहेर नेताना

२०१६ च्या कायद्यात सार्वजनिक जागा दिव्यांगांना सुगम असाव्यात असं आहे, पण सेवा-श्वानाला प्रवेश द्यावा असं स्वतंत्र कलम नाही. म्हणून हॉटेल, मॉल, बँक इथे भांडून आत शिरण्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करा. एका बँकेत आम्हाला दारातच अडवलं. दुसऱ्या दिवशी आई फाईल घेऊन गेली, मॅनेजरला भेटली, आणि तिसऱ्या दिवशी तिळू चटईवर वीस मिनिटं गप्प बसली. आता वॉचमन तिला नावाने हाक मारतो, जे खरं तर त्याने मारू नये.

लोकलच्या गर्दीत नेऊ नका, शेपटीवर पाय पडतो. रिक्षा-टॅक्सीला आधी विचारा, सीटवर आपली चादर टाका. लांबच्या गाडीने जायचं तर रेल्वेचे कुत्र्यासाठीचे नियम वेगळे आहेत: स्लीपर, थ्री टियर, टू टियरमध्ये चालत नाही, फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे लागतो. विमानाला तिकीट काढायच्या *आधी* कंपनीला लेखी विचारा.

हात लावायला येणाऱ्यांना सांगायचं एकच वाक्य पाठ करा. आईचं असं आहे: “ती कामावर आहे, घरी या मग लाड करा.” दोघं-तिघं खरंच आले घरी.

१०. नापास झालं तर

दीड वर्षाच्या आसपास प्रामाणिकपणे परीक्षा घ्या. तुम्ही घेऊ नका, घरात फारसं न येणाऱ्या कोणाला तरी बसवा. दिवसभरात अचानक दहा बेला. आठ वेळा तरी ठोसा आणि वाट दोन्ही हवं. शिवाय रस्त्यावरच्या कुत्र्यांशी भांडण नाही, अनोळखी माणसावर गुरगुर नाही, आवाजाने पळणं नाही. यातलं शेवटचं चुकलं तर सराव वाढवून फारसं काही होत नाही. नावाजलेल्या संस्थांतही, निवडून पैदास केलेली बरीच पिल्लं या टप्प्यावर गळतात. त्यांना घरं मिळतात, आणि तुमच्या पिल्लाला घर आहेच. ते परत द्यायचं नाही, हे पिल्लू आणायच्या आधीच ठरवून ठेवा. दुसऱ्या पिल्लाचा खर्च झेपेल का, तेही तेव्हाच. आमच्या दोन कुत्र्यांचा मिळून महिन्याला सात-आठ हजार होतो, आजारपण सोडून.

दोन कुत्री असतील तर धड्याच्या वेळी दुसऱ्याला बंद खोलीत ठेवा, नाहीतर खाऊसाठी तोही ठोसे द्यायला लागतो आणि कोणाचं खरं ते आईला कळत नाही. त्या खोलीत त्यालाही चघळायला काहीतरी द्या. आम्ही एकदा विसरलो. ब्रुनोने आतून दार इतकं खरवडलं की सुताराला बोलवावं लागलं. सुतार आला, बेल वाजली, तिळूने आईला दारापर्यंत नेलं, आणि ब्रुनो पलंगाखाली गेला.